बाक धरलाय

मास्तर आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी आमचा चमचा वाकवला.

माझं लग्न होऊन चार-सहा महिने झाले असतील. जर्मन सिल्व्हरचे चमचे बायकोनं माहेराहून आणलेले, पाहुणे आले की तेवढ्यापुरते बाहेर निघायचे. साखर ढवळून झाल्यावर त्यांनी चमचा बशीत ठेवला नाही. दोन्ही हातांत आडवा धरला, अंगठ्यांनी हळूच दाबला, सोडला आणि डोळ्यांसमोर धरून पाहिला. पुन्हा थोडा जास्त दाबला, सोडला, पाहिला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा चमचा वाकला तो वाकलाच.

"बस," ते समाधानानं म्हणाले. "आत्तापर्यंत परत येत होता. आता न्हाय यायचा."

माझी बायको दारात उभी होती. त्यांनी चमचा मोठ्या आदरानं तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "अहो मास्तर, चांगला चमचा होता तो."

"व्हय वहिनी, अजून चमचाच हाय. फक्त किती सोसतो ते आता कळलं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी नवा चमचा पदराखाली घेऊन आल्या. त्यांना आम्ही भाभी म्हणायचो. "इनके हात में कुछ देना नक्को," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "मेरे घर में एक बी चमचा सीधा नहीं." दोघी हसल्या आणि तिथून पुढं त्यांची जी मैत्री जमली ती आमची बदली होईपर्यंत टिकली. माझी आई तेव्हा तुळजापूरला थोरल्या भावाकडं होती, हेही सांगायला हवं. ती घरात असती तर चहा कोणत्या कपातून गेला असता आणि पुढं काय जमलं असतं, सांगता येत नाही.

ही परंड्याची गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. मी हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो होतो आणि ते विज्ञान शिकवायचे. अंगानं सडसडीत, काळी शेरवानी कोपरांवर विटलेली, टोपी नेहमी जरा मागं सरकलेली. खिशात एक दोऱ्याचं रीळ कायम. गावात त्यांना वाकडे मास्तर म्हणायचे, कारण रस्त्यानं जाताना वाकलेलं काही दिसलं की ते थांबायचे. छत्रीची काडी, सायकलचा मडगार्ड, पत्र्याच्या शेडची वळचण, काहीही. नाव इतकं रूढ झालं की शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी त्यांना विचारलं, "वाकडे, तुमचं मूळ गाव कोणतं?" मास्तरांनी शांतपणे गाव सांगितलं. ते खरोखरच त्यांचं गाव होतं, तेव्हा खोटं काही बोलले नाहीत.

वस्तू वाकते याचं त्यांना काहीच नवल नव्हतं. ते म्हणायचे, ताण दिला की सगळंच वाकतं, लोखंडसुद्धा, फक्त आपल्याला दिसत नाही. त्यांचं कुतूहल त्याच्या पुढचं होतं. ताण काढला की काय होतं? वस्तू पूर्वीच्या जागी येते, की थोडी अलीकडंच थांबते? आणि ती थांबायला नेमकी कधी लागते? "सोडून बघा," हा त्यांचा मंत्र होता. मुलांच्या टाकाची निब फाकली की ते ती रागावून फेकून द्यायला लावायचे नाहीत. वर्गात फिरवायचे. "बघा, रोज दाबता तेव्हा पाय फाकतात आणि मिटतात. काल यानं जास्त दाबली. आज मिटंना."

प्रयोगशाळा म्हणजे एक अंधारी खोली. तिथल्या तुळईला त्यांनी तांब्याची तार टांगली होती, तारेच्या टोकाला पिशवी, आणि पिशवीच्या उंचीला भिंतीवर खडूची रेघ. मुलं एकेक वीट पिशवीत ठेवायची. पिशवी केसभर खाली जायची. विटा काढल्या की बरोबर रेघेवर यायची. वर्ग कंटाळून जाई, पण मास्तरांना त्यात काय आनंद! मग केव्हातरी एक वीट अशी पडायची की सगळ्या विटा काढल्यावरही पिशवी रेघेच्या खालीच राहायची. त्या क्षणी मास्तर टाळी वाजवायचे. "आली न्हाय! बघा, आली न्हाय!" आतापर्यंत पेंगणारी पोरं उठून भिंतीला नाकं लावायची. तार तुटलेली नसायची. दिसायला जशीच्या तशी. तरी तिला काहीतरी झालेलं असायचं, आणि ते नक्की काय झालं हे पाहायला चाळीस पोरं धडपडत असायची. मी व्हरांड्यातून जाता-येता हे पाहिलेलं आहे. माझ्या कवितेच्या तासाला एवढी धडपड कधी झाली नाही.

शाळेच्या ग्रंथालयातली एक फळी पुस्तकांच्या वजनानं खाली झुकली होती. एका रविवारी त्यांनी सगळी पुस्तकं खाली काढून ठेवली आणि फळी सरळ होते का ते आठवडाभर पाहात बसले. ती झाली नाही. मग त्यांनी ती उलटी बसवली. मुख्याध्यापक आठवडाभर पुस्तकं ओलांडून जात होते. उलट्या फळीला आता डोंगरासारखा फुगवटा आला होता आणि पुस्तकं दोन्ही बाजूंना घसरत होती. "आणखी दोन वर्षांत सपाट होईल," मास्तर म्हणाले. मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला.

त्यांची खरी अडचण वेगळी होती. रोजची मराठी त्यांची माझ्यापेक्षा अस्सल. जन्म इथल्याच एका खेड्यातला, बाजारात ते बोलायला लागले की कुणाला ते कोण आहेत हे कळायचं नाही. पण विज्ञान शिकले ते उर्दूतून. लचक, फौलाद, वजन, खिंचाव, सगळं डोक्यात उर्दूत मांडलेलं. आता शाळा मराठी झाली, पुस्तकं मराठी आली. त्या पुस्तकात त्यांच्या लाडक्या गोष्टीला 'स्थायी विरूपण' असं नाव दिलं होतं. मास्तर पुस्तक घेऊन माझ्याकडं आले.

"मराठीवाले," ते मला नेहमी असंच म्हणायचे, "हा शब्द तुमच्या घरी कुणी बोलतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"तुमच्या आई? आजी?"

"कुणीच नाही."

"मग पोरांनी कशाला बोलायचा? ताण गेला तरी जे वाकणं मागं राहतं, त्याला मराठीत काहीतरी म्हणतच असतील. लोकांची औतं वाकतात, गाड्या वाकतात, खाटा झोळ खातात. हे लोक मुके हायत का?"

मी शब्द सुचवायला लागलो. लवण म्हटलं, ते म्हणाले, लवण म्हणजे नुसतं वाकणं, वाऱ्यानं ज्वारी लवते आणि उभी राहते. पोक म्हटलं, तर तो माणसाचा झाला. पोचा म्हटलं, तो भांड्याला ठोकर लागून येतो, तो ताणाचा नव्हे. माझ्याच भाषेतले शब्द ते एकेक करून असे पारखून परत द्यायचे, आणि मला वाटायचं की हे शब्द आपण आजवर नीट पाहिलेच नव्हते. वर्षभर हा खेळ चालला. चालताना, पान खाताना, एकदा तर परीक्षेच्या पर्यवेक्षणात वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून त्यांनी मला खूण करून 'झोळ?' असं विचारलं, आणि मग स्वतःच मान हलवून नाकारलं.

तो शब्द आम्हाला मिळाला सोनारीच्या जत्रेत.

चैत्रात तिथं काळभैरवाची मोठी जत्रा भरते. आमच्या शाळेची वरच्या वर्गातली मुलं पाणी वाटायला आणि गर्दी आवरायला जायची, त्यांच्याबरोबर आम्ही दोघं. दुपारी ऊन कलल्यावर आम्ही पाळण्याशी आलो. रहाटासारखा उभा फिरणारा पाळणा, दोन लाकडी खांब, मध्ये लोखंडी आस, चहूबाजूंनी टांगलेल्या पेट्या. दोन गडी तो हातानं फिरवायचे. पाळण्याची मालकीण एक चाळिशीची बाई होती, बार्शीकडची. नवरा वारल्यावर धंदा तिनंच सांभाळला होता. आवाज असा की सगळ्या जत्रेत ऐकू जावा. गर्दी दांडगी होती, दोघांच्या पेटीत तिघं-चौघं कोंबून बसत होती.

मास्तर खालून आसाकडं पाहात उभे राहिले. पाळणा रिकामा झाला तरी पाहात राहिले. मग पुढं होऊन म्हणाले, "बाई, पाळणा थांबवा. तुमचा आस वाकलाय."

"म्हायतंय मला," ती गिऱ्हाइकांकडं पाहातच म्हणाली. "दोन सालापास्नं बाक धरलाय त्यानं. मोडत न्हाय."

"काय म्हणालात?"

"मोडत न्हाय म्हनलं."

"न्हाय, त्याच्या आधी."

बाईनं त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "बाक धरलाय म्हनलं. का?"

मास्तरांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता. "मराठीवाले! ऐकलंत? बाक धरलाय! ताण गेला, यानं धरून ठेवलाय! पोरं म्हणतील, तारेनं बाक धरला!" ते एवढ्या मोठ्यानं हसले की रांगेतली माणसं मागं सरली. त्यांनी बाईला वाकून सलाम केला. बाईला वाटलं, उन्हानं मास्तरांचं डोकं फिरलं.

पण मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी खिशातून रीळ काढलं. "बाई, बाक दोन वर्षांपूर्वी धरला तेवढाच हाय, की वाढतोय?"

"आता ते कुनी मोजलंय?"

"आपण मोजू."

शेजारी पत्त्यांचा अड्डा बसला होता. तिथून त्यांनी पत्त्यांचा जोड मागून आणला. शाळेचा मास्तर जत्रेत पत्ते मागतो म्हटल्यावर बघे जमले. पाळण्याला लावलेल्या शिडीवर मास्तरांनी पाय ठेवला, दोन पायऱ्या चढले आणि पांढरेफटक होऊन खाली उतरले. उंचीला ते फार भीत, हे मला तेव्हा कळलं. मी चढायला पुढं झालो तर बाईनं मला बाजूला सारलं. "माजा पाळणा हाय. रोज तेल म्याच घालते." तिनं लुगडं खोचलं आणि सरसर वर गेली.

मास्तर खालून सांगत होते, ती करत होती. आसाच्या मधल्या उघड्या भागावर दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला. दोरा सरळ, आस खाली झुकलेला. मधल्या फटीत एकावर एक पत्ते सरकवायचे, दोऱ्याला टेकेपर्यंत. पाच पत्ते बसले. मग दोरा सोडला, पाळणा भरला, हवा तसा फिरवला आणि सगळ्यांना उतरवलं. बाई पुन्हा वर गेली, दोरा पुन्हा बांधला. पाच पत्ते सरकवले. तिनं बोटानं चाचपलं. मग कमरेला खोचलेल्या जोडातून सहावा पत्ता काढून सरकवला. तोही बसला.

ती वर काही वेळ तशीच बसून राहिली. मग तिनं खाली सहा बोटं दाखवली.

गर्दीतल्या एका तरुणानं मग मोठ्यानं म्हटलं, "मास्तर, जत्रा आमच्या देवाची. तुमाला कशाला पायजे हितं नसता घोळ?"

त्या बोलण्यातला काटा सगळ्यांना कळला. मास्तर रिळाचा सुटलेला दोरा गुंडाळायला लागले. बाई शिडीवरूनच ओरडली, "ए, देवाचं नाव मधी आनू नगंस! पाळणा माजा हाय, दोरा म्या बांधला, पत्ता म्या घातला. तू घातलास का?" आणि खाली उतरून गड्यांना म्हणाली, "पाळणा सोडा. आस काढा."

आस गावच्या लोहाराकडं नेला. त्यानं तो तापवला, ऐरणीवर घेतला आणि चांगला सरळ करून दिला. तडा नव्हता, काही नव्हतं. बघे मास्तरांना हसायला लागले. बाई सरळ झालेला आस पुढं ठेवून त्यांना म्हणाली, "मास्तर, आता?"

मास्तरांनी आसावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. जत्रेचे अजून मोठे दिवस शिल्लक होते, आणि तिच्या वर्षाची भाकरी त्या दिवसांवर होती, हे त्यांना दिसत होतं. "सरळ झालाय," ते म्हणाले. "पर एकदा वाढायला लागलेला बाक हाय. मोडेलच असं म्या म्हणत न्हाय. मोडणार न्हाय असंबी म्हणवत न्हाय. एवढंच सांगतो, माझ्या बायकोला म्या यात बसवणार न्हाय."

"मग दुसऱ्याच्या बायकोला म्या कशी बसवू?" ती म्हणाली.

पाळणा त्या वर्षी पुन्हा उभा राहिला नाही. खांब तेवढे रिकामे उभे होते. परंड्यात महिनाभर लोक मास्तरांना विचारत होते, न मोडलेला पाळणा बंद पाडलात म्हणे? मीही एकदा विचारलं, "आस मोडला नसता तर, मास्तर?" ते म्हणाले, "तर लई चांगलं झालं असतं." मला वाटलं होतं ते वाद घालतील. पण त्यांना बरोबर ठरायचंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तो आस मोडला असता की नाही, हे आजही कुणाला माहीत नाही.

पुढच्या चैत्रात बाई आली ती मनगटाएवढा जाड नवा आस घेऊन. मधल्या काळात तिनं बार्शीच्या बाजारात भाजी विकली, असं तिनंच सांगितलं. जत्रेच्या आदल्या दिवशी तिनं निरोप धाडला, मास्तरांनी दोरा आणि पत्ते घेऊन यावं. मास्तर भाभींना घेऊन गेले, मी माझ्या बायकोला. दोरा बांधला, एकही पत्ता बसला नाही. पहिल्या पेटीत भाभी आणि माझी बायको बसल्या. पाळणा वर गेला तसा भाभींचा बुरखा वाऱ्यानं फुगला आणि त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. मास्तर खाली डोळे मिटून उभे होते. "उतरल्या की सांगा," असं मला म्हणत होते.

त्या पहिल्या वर्षीच्या परतीच्या वाटेची गोष्ट मात्र राहिली.

मुलं बसनं पुढं गेली होती. आम्हा दोघांना एका ओळखीच्या शेतकऱ्याची बैलगाडी मिळाली. संध्याकाळ होत आली होती. मास्तर थकले होते, तरी तोंडातल्या तोंडात 'बाक धरलाय' म्हणून बघत होते, जसा आपण नवा अंगरखा घालून बघतो. त्या तरुणाचं बोलणं माझ्या मनातून जात नव्हतं. ते त्यांच्याही मनात असणार असं मला वाटत होतं. आणि मी पडलो भाषेचा मास्तर, उपमा दिसली की हात आवरत नाही. मी म्हणालो, "मास्तर, माणसाचंही असंच असतं, नाही? ताण जातो, पण बाक राहतो."

त्यांनी मान हलवली. "न्हाय जमलं, मराठीवाले."

"का?"

"माणूस म्हंजे तार न्हाय. तारेला तोंड न्हाय, तिला विचारता येत न्हाय, म्हणून म्या तिला ताणून बघतो, सोडून बघतो. माणसाला तोंड हाय. माणसाला विचारायचं." थोडं थांबून ते म्हणाले, "तुम्ही सगळे टीचर्स रूममध्ये माझ्याबद्दल बोलता, म्या आलो की गप होता. म्हायतंय मला. त्या गडबडीच्या दिवसांत मला कोंडलं होतं, हेच ना? इतक्या दिवसांत एकानं तरी विचारलं का?"

मी विचारलं. गाडीच्या चाकांच्या आवाजात मला स्वतःचाच आवाज परका वाटला, पण मी विचारलं.

ते सांगायला लागले. निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत ते दुसऱ्या गावी होते. गावाचं नाव त्यांनी सांगितलं, ते मी इथं लिहीत नाही. निजामाचा माणूस म्हणून कुणीतरी कुणाचं तरी नाव सांगितलं, कुणीतरी नेलं, आणि बऱ्याच माणसांबरोबर त्यांना एका खोलीत कोंडून ठेवलं. ती खोली शाळेची होती. त्यांच्याच वर्गाची. फळ्यावर त्यांनीच आदल्या आठवड्यात काढलेली तरफेची आकृती अजून होती, अर्धी पुसलेली, खाली उर्दूत भागांची नावं. काय होणार हे कुणाला माहीत नव्हतं. बाहेर आवाज यायचे. आतली माणसं भिंतीला टेकून त्या फळ्याकडं पाहात बसायची, कारण पाहायला दुसरं काही नव्हतं.

"एक म्हातारा खाटीक होता," मास्तर म्हणाले. "त्यानं विचारलं, मास्टरसाब, ये क्या हय? म्या सांगितलं, तरफ. म्हणाला, समजाव. खडूचा तुकडा होता. म्या उठलो आणि समजावलं. मग दुसऱ्यानं विचारलं. मग विहिरीचा रहाट काढला, तराजू काढला. रोज एक गोष्ट. रडणारी माणसं होती, तीबी ऐकायची. एवढं ध्यान देऊन ऐकणारी पोरं मला परत भेटली न्हायत."

"आणि सुटल्यावर?"

"सुटलो. काही निघालंच न्हाय आमच्यावर. घरी गेलो, अंघोळ केली. तुमची भाभी म्हणाली, हैदराबादला जाऊ, माझ्या भावाकडं."

"मग?"

"मग काय. शाळा उघडली त्या दिवशी शाळेत गेलो."

बैल आपल्या चालीनं चालले होते. सोनारीचा गलबला मागं विरत गेला होता. मी म्हणालो, "त्याच खोलीत? त्याच खोलीत जाऊन तुम्ही शिकवायला उभे राहिलात?"

त्यांनी माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं, जसं ते एखाद्या साध्या प्रश्नाला अडणाऱ्या मुलाकडं पाहायचे.

"आत पोरं बसली होती ना," ते म्हणाले.